सोडण्याचा ठराव

खैरडोहच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर टिकत नाही, ही गोष्ट झरी जामणी तालुक्यात इतकी जुनी झाली आहे की तिची आता कुणी तक्रारही करत नाही. एमबीबीएस झालेली पोरं येतात, बंधपत्राचं वर्ष काढतात, त्यातला निम्मा वेळ पुढच्या परीक्षेचा अभ्यास करतात आणि जातात. त्यांना तरी काय बोल लावायचा? क्वार्टरच्या छतातून पाणी गळतं, मोबाइलला रेंज हवी तर टेकाडावर चढावं लागतं, आणि संध्याकाळी बोलायला माणूस म्हणाल तर एक शिपाई आणि एक उज्ज्वलाताई. शिपाई कमी बोलतो आणि उज्ज्वलाताई फार बोलतात.

उज्ज्वलाताई आवारी इथल्या स्टाफ नर्स. मूळच्या मारेगावकडच्या, कापूस-तूर पिकवणाऱ्या घरातल्या. नवरा गावी शेती बघतो, मुलगी निकिता शिकून पुण्यात नोकरीला लागली, आणि या दोघांच्या मधे कुठेतरी ताईंचं आयुष्य खैरडोहला गेलं. निकिता दर रविवारी फोनवर म्हणते, "आई, बदली माग ना." ताई "हो हो" म्हणतात आणि भाजी काय केली ते विचारतात.

बाई तशी सोपी नाही. आवाज असा की ओपीडीत रागावल्या तर बाहेरच्या रस्त्यावरचा सायकलवाला उतरून पाहतो. बाळंतिणीला नवऱ्याने चप्पल न घालता उन्हात चालवत आणलं, तर आधी नवऱ्याची हजेरी घेतात आणि मग बाईला टेबलावर घेतात. कॉम्प्युटरशी त्यांचं कधी जमलं नाही. सरकारी ॲपमध्ये माहिती भरताना त्या मोबाइलशीसुद्धा भांडतात. आणि एक खोड आहे, जी त्यांची त्यांनाही ठाऊक आहे: आपल्यावाचून अडतं, हे ऐकायला त्यांना आवडतं. कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, बाई कळा सुरू झाल्या की गाडीवाल्याला सांगते, "शिस्टर हाय का पाय आंधी, मंगच चालतो." हे ताईंच्या कानावर आलं की त्यांचा तो दिवस चांगला जातो.

हीच खोड त्यांना एकदा चांगलीच नडली. काही वर्षांपूर्वी सरकारने नर्सेससाठी बाळंतपणाच्या शास्त्राचा दीड वर्षाचा वरचा अभ्यासक्रम काढला. फी सरकार भरणार, पगार चालू राहणार, आणि शिकून आल्यावर अवघड नसलेली बाळंतपणं डॉक्टरची वाट न बघता स्वतःच्या जबाबदारीवर करायची. ताईंनी अर्ज केला. निवड झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खैरडोहमधून बाहेर पडावंसं वाटलं, तेही परत येण्यासाठीच. त्यांनी नव्या वह्या, पेनं आणली, निकिताकडून जुनी बॅग मागून घेतली. आणि मग तालुक्याच्या त्या वेळच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी त्यांना कार्यमुक्त करायला नकार दिला. "सिस्टर, तुम्ही गेल्यावर इथली बाळंतपणं कोण करणार? तुमच्यावर तर केंद्र चाललंय."

ताई कामचुकार असत्या तर दुसऱ्याच दिवशी सुटल्या असत्या. सरकारने त्या योजनेत सगळ्याचा विचार केला होता. जागा काढल्या, पैसे ठेवले, शिकवणारे नेमले. फक्त माणूस शिकायला गेला की त्याची खुर्ची रिकामी होते, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. रुजू व्हायची तारीख निघून गेली. पोडावर बातमी पोचली ती वेगळ्याच रूपात: आपली सिस्टर जाणार होती, साहेबाने ठेवून घेतली. बाया नारळ आणि कुंकू घेऊन दवाखान्यात आल्या. ताईंनी नारळ घेतला, सगळ्यांना चहा पाजला, हसल्या. मग औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून रडल्या. ते कुणाला दिसलं नाही, आणि त्यांनी कुणाला सांगितलंही नाही.

त्यानंतर बरेच डॉक्टर आले-गेले, आणि मग संघर्ष भगत आला.

पोरगा दिग्रसचा. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आई घर सांभाळून शिवणकाम करणारी. पहिल्याच दिवशी त्याने ताईंना सांगून टाकलं, "सिस्टर, मी खोटं बोलत नाही. इथं दुर्गम भागात सेवा केली की पुढच्या शिक्षणासाठी सरकारी डॉक्टरांच्या कोट्यातून संधी मिळते. पगार चालू ठेवून शिकता येतं. खासगी कॉलेजचं शिक्षण आमच्या बाबांच्या सात जन्मांत परवडणार नाही. म्हणून आलो." ताईंना त्याचा हा रोखठोकपणा आवडला. आतापर्यंतचे सगळे गरिबांच्या सेवेसाठी आले होते आणि वर्षभरात पळाले होते. हा स्वतःसाठी आला आणि टिकला. क्वार्टरच्या छतावर ताडपत्री टाकून राहिला. पोडावर गेला की खाटेवर न बसता सगळ्यांबरोबर जमिनीवर बसायचा. कोलामी बोलायचा प्रयत्न करायचा आणि इतकं चुकीचं बोलायचा की पोरं खिदळत त्याच्या मागे फिरायची.

मागच्या पावसाळ्यात धुरपताबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या. धुरपताबाई म्हणजे पोडावरची सगळ्यात वयस्क बाई, जिच्या शब्दापुढे तिथला नाईक, म्हणजे पोडाचा प्रमुख, उकंडासुद्धा मान हलवून गप्प बसतो. मूल आडवं होतं. शस्त्रक्रियेशिवाय इलाज नव्हता. डॉक्टर आणि ताई दोघंही रुग्णवाहिकेत बसून तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे शस्त्रक्रियेची खोली होती. शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर होती, हातमोजे घालून तयार होती. पण भूल देणारा नव्हता. त्याची जागा मंजूर होती आणि रिकामी होती. "यवतमाळला न्या," असं त्या डॉक्टरने सांगितलं तेव्हा तिचेच डोळे भरून आले होते. यवतमाळला पोचेपर्यंत मूल गेलं. सून वाचली.

परत येऊन खैरडोहच्या दवाखान्याजवळ उतरल्यावर संघर्ष एवढंच म्हणाला, "मी भूलशास्त्रच घेतो." त्याला मार्क चांगले पडले होते, दुसरंही काही मिळालं असतं, जे त्याच्या आईला शेजारणीला सांगायला बरं वाटलं असतं. नागपूरच्या सरकारी कॉलेजात भूलशास्त्राची जागा मिळाल्याचा फोन त्याने घरी केला, तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे ऑपरेशन दुसराच करन अन् तू नुसता झोपवशीन?" तो हसला. "आई, झोपवनाराच नसते, म्हनून ऑपरेशन होत नाई आमच्या इकडं."

ताईंनी त्याला पेढा दिला. पाठीवर थाप मारली. मनापासून आनंद झाला त्यांना. पण तो आनंद दोन दिवसांच्या वर टिकला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आता पुन्हा रिकामी खुर्ची, पुन्हा शेजारच्या केंद्राचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा धावतपळत येणार, आणि बाकीचे दिवस रक्तस्राव असो, सर्पदंश असो, सगळ्यांनी त्यांच्याच तोंडाकडे बघायचं. वयाने पन्नाशीकडे चाललेल्या बाईला याची भीती वाटली, यात नवल काही नाही.

लसीकरणाला त्या पोडावर गेल्या. बाळांना टोचून झालं, रडारड थांबली, आणि धुरपताबाईने विचारलं, "डाक्टर जाऊन राह्यला म्हन्तेत, खरं हाय का?"

"खरं हाय बाई. शिकाले चालला."

"मांगचेई शिकालेच गेलते. एकतरी आला का वापस?"

ताई लशीचा डबा बंद करू लागल्या.

"याले थांबवता नाई येत का?"

खरं तर इथे "नाही" म्हणून विषय संपवता आला असता. पण ताईंच्या तोंडून निघून गेलं, "ग्रामसभेनं लिहून देल्लं त वरचे आयकतेत."

एवढंच एक वाक्य. नंतर त्यांनी स्वतःची कितीदा समजूत घातली की आपण फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं. पण डबा उचलून गाडीकडे जाताना आपण काय केलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आदिवासी भागात प्रत्येक पोडाची ग्रामसभा वेगळी, आणि तिच्या शब्दाला वजन आहे. नाईक उकंडाने लोक जमवले. आता या लोकांचं प्रेम कसं, तर मोकळं. डॉक्टर चांगला आहे, म्हणून तो आपला आहे, म्हणून तो जाऊ नये. यात कुठे काही चुकतंय असं कुणाच्याही मनात आलं नाही. ठराव झाला: आमचा डॉक्टर गुणी आहे, त्याला इथून हलवू नये. ग्रामसेवकाने लिहिला. मग दोन जीप भरून बायाबापे तालुक्याच्या गावी गेले आणि साहेबाच्या दारात बसले. साहेबाला डॉक्टरच्या जागी दुसरा माणूस मिळतच नव्हता. त्याच्या हातात आयतंच कारण आलं. लोकभावना लक्षात घेऊन डॉ. भगत यांना तूर्त कार्यमुक्त करता येणार नाही, असं त्याने कळवून टाकलं. लोक वाजत-गाजत परत आले. संघर्षच्या गळ्यात हार घातला.

तो हार गळ्यात तसाच ठेवून तो ओपीडीत येऊन बसला. समोर एकही पेशंट नव्हता. ताईंनी चहा आणून ठेवला.

"सिस्टर, येत्या शनिवारपर्यंत नागपूरला रुजू झालो नाही तर सीट जाते. पुन्हा परीक्षा, पुन्हा दोन-तीन वर्षं." त्याने हार काढून टेबलावर ठेवला. "कुणावर रागवू? ज्यांनी अडवलं ते माझ्यावर जीव टाकतात. यांना ग्रामसभेचं कुणी सुचवलं असेल?"

ताई चहाच्या कपाकडे बघत राहिल्या.

"जाऊ द्या. तुम्हाला नाही कळायचं सिस्टर. चांगलं काम केलं म्हणून माणूस अडकतो, तेव्हा कसं होतं ते."

असं बोलून तो क्वार्टरवर गेला. ताई तिथेच बसल्या. औषधांच्या खोलीचं दार समोरच होतं. त्यांना स्वतःचा इतका राग आला की शिपायाने काही विचारलं तर त्याच्यावर खेकसल्या, आणि मग त्याची माफी मागितली, जे त्या सहसा करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर जाण्याआधीच पोडावर पोचल्या. उकंडा बैल सोडत होता.

"नाईक, सभा बोलवा परत. डॉक्टरले समोर बसवा. त्याचं त आयकलंच नाई कोनं."

उकंडाने कासरा हातात धरून विचार केला. चावडीवर एकदा ठरलं की ते मोडायला तो नाखूश असतो. पण ऐकून घ्यायला काय हरकत आहे, असं म्हणून तो तयार झाला.

गुरुवारी सकाळी चावडीच्या सावलीत सगळे जमले. बाया एका बाजूला, बापे एका बाजूला, मधे ग्रामसेवक वही मांडीवर घेऊन. संघर्षने स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो घामाने पाठीला चिकटला होता. त्याने सांगितलं की तीन वर्षं शिकायचं आहे, सरकारच खर्च करणार आहे, आणि शिकून झाल्यावर सरकारी नोकरीतच राहायचं असं त्याने लिहून दिलं आहे. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट त्याने मुद्दाम काढली नाही. काढायची गरजही नव्हती. धुरपताबाईची सून बायांमध्ये बसलेली होती.

लोक एकमेकांकडे बघू लागले. तीन वर्षं म्हणजे काही जन्म नव्हे. उकंडा म्हणाला, "मंग ठीक हाय न. शिकून येते म्हन्ते त जाऊ द्या." बऱ्याच माना हलल्या.

तेवढ्यात धुरपताबाई म्हणाली, "डाक्टर, एकच इचारतो. शिकून मोठा झाला का इथंच येशीन न? याच दवाखान्यात?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ताईंनीही पाहिलं. एक "हो" म्हटलं असतं की झालं असतं. शनिवारी तो नागपुरात असता. आणि तीन वर्षांनी कोण जाब विचारायला जाणार होतं?

पण छोट्या केंद्रात तज्ज्ञाची जागाच मंजूर नसते. भूलतज्ज्ञ झालेला डॉक्टर खैरडोहच्या खुर्चीवर पुन्हा बसूच शकत नाही. शिक्षण त्याला इथून कायमचं उचलून नेणार, मग त्याची इच्छा असो वा नसो. हे त्यालाही माहीत होतं आणि ताईंनाही. त्याने तोंड उघडलं. मिटलं. मग खाली बघून म्हणाला, "नाही बाई. इथं नाही येता येणार. या दवाखान्यात भूलवाल्या डॉक्टरची जागाच नसते."

कुजबुज सुरू झाली.

"मंग कुठं बसशीन?"

"मागेन मी तो मोठा दवाखाना. तुमच्या सुनेले जिथून पुढं धाडलं, तो."

"देतीन का मांगतला त?"

"सांगता नाही येत. सरकार कुठंबी टाकू शकते."

"म्हंजे आमचा डाक्टर न्याचा, शिकवाचा, अन् दुसऱ्याले देऊन टाकाचा?" धुरपताबाईचा आवाज चढला. "कोनं ठरवलं हे? त्यानं आमचं पोड पाह्यलं तरी हाय का?"

 असल्या प्रश्नांना उत्तर देणारी माणसं चावडीवर येत नाहीत. उकंडाने मान हलवली. "मंग नाई बावा. ठराव राह्यला तसाच राहू द्या." ग्रामसेवक वही मिटायला लागला. संघर्ष उठून उभा राहिला होता, आणि पाठीला चिकटलेल्या शर्टात तो एकदम लहान पोरासारखा दिसत होता.

"थांबा," उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्यांचा तो ओपीडीतला आवाज होता, त्यामुळे सगळे आपोआप थांबले. "आंधी माह्यं आयका. हा ठराव मीच करवला. पोडावर मीच बोलली का ग्रामसभेचं आयकतेत म्हनून. डॉक्टर गेला का मी एकटी पडतो, म्हनून बोलली. याले अजूनपर्यंत नाई सांगतलं."

संघर्षने त्यांच्याकडे पाहिलं. त्या त्याच्याकडे बघायला धजल्या नाहीत. बायांकडे बघून बोलत राहिल्या.

"मागं मलेई शिकाले धाडून राह्यले होते. बाळंतपनाचंच शिक्षन. मी बॅग भरली होती. साहेबानं सोडलं नाई. काहून, त मी चांगलं काम करतो म्हनून. तुमी समद्या नारळ घेऊन आल्या, आठवते न? मी हासली. तुमी गेल्या अन् मी दार लावून रडली. लई दिवस रडत होती मी."

 धुरपताबाईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि तसाच धरून ठेवला.

"मी शिकली असती त काय झालं असतं, मले नाई मालूम. तुह्या सुनेचं मूल आडवं होतं, ते माह्यानंबी नसतं झालं. पन बाकीच्या कित्येकीले मी लवकर वळखलं असतं, लवकर धाडलं असतं. चांगल्या मानसाले अडवून ठेवलं का तो तेवढाच राह्यते. मी तेवढीच राह्यली."  त्यांनी संघर्षकडे बोट केलं. "हा इथं नाई येनार. खरं बोलला तो. खोटं बोलून जाऊ शकत होता, नाई गेला. हा जिथं बसन तिथं कोनाची तरी सून टेबलावर असन. त्याले सोडा."

 मग धुरपताबाईची सून, जी सासूसमोर सभेत कधी तोंड उघडत नाही, ती खाली मान घालूनच म्हणाली, "जाऊ द्या त्यायले."

उकंडाने धुरपताबाईकडे पाहिलं. धुरपताबाईने सुनेकडे पाहिलं. मग हात वर केला. एकेक करत सगळे हात वर गेले. काही लगेच गेले, काही शेजारच्याचा बघून गेले, एक म्हातारा शेवटपर्यंत हात मांडीवर ठेवून बसला आणि त्याला कुणी काही म्हटलं नाही. ग्रामसेवकाने लिहिलं: मागील ठराव रद्द करून डॉ. भगत यांना शिक्षणासाठी सोडण्यास ही सभा राजी आहे. त्याची प्रत आजच तालुक्याला न्यायची असं ठरलं. संघर्ष ताईंपाशी आला. त्याला बरंच काही म्हणायचं असावं. "सिस्टर..." एवढं म्हणून तो थांबला.

"राग आला असन त नंतर काढा," ताई म्हणाल्या. "आंधी शनिवार गाठा."

लोक उठायला लागले. धुरपताबाई उठली नाही.

"ग्रामसेवक, वही बंद नको करू," ती म्हणाली. "दुसरा ठराव लिव. आमच्या शिस्टरले शिकाले धाडा म्हनून."

सगळे पुन्हा बसले. कुणीतरी "बरोबर हाय" म्हणालं, आणि आणखी दोघं-तिघं म्हणाले. उकंडाने जोरात मान हलवली. पोडाला एकदम हुरूप आला, आपल्या हातून झालेलं आपल्याच हाताने निस्तरता येतं असं वाटल्यामुळे.

ताईंना हसू आलं. "नाई धुरपताबाई. त्या शिक्षनाले वयाची अट राह्यते. मी पार झाली त्याच्या. आता नाई घेत मले."

ग्रामसेवकाचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते त्याने उचललं. ताईंनी सांगितलेलं नीट समजून घ्यायला धुरपताबाईने वेळ घेतला.

"म्हंजे आता कधीच नाई?"

"आता नाई."

"मंग तवा आमाले सांगतलं काहून नाई तुनं? आमी नारळ घेऊन आलो, तवाच सांगाचं न. वापस केला असता नारळ."

 आपल्यावाचून अडतं हे त्या बायांच्या तोंडून ऐकताना त्यांना त्या दिवशीही बरं वाटलं होतं, रडतानासुद्धा. हे त्या चावडीवर सांगू शकल्या नाहीत.

"लिव," धुरपताबाई ग्रामसेवकाला म्हणाली.

"काय लिहू आजी? उपयोग नाही त्याचा. वर पाठवला तर हसतील."

"वर नको धाडू. तुह्या वहीत राहू दे." तिने बोट वहीकडे केलं. "लिव का शिस्टरनं तवा सांगतलं असतं त आमी सोडलं असतं. येवढंच लिव."

खरंच सोडलं असतं का, कुणास ठाऊक. बहुतेक नसतंच सोडलं. त्या वेळी डॉक्टर नव्हता, रस्ता नव्हता, एक सिस्टर तेवढी होती. ताईंना हे कळत होतं आणि धुरपताबाईला कळत नसेल असंही नाही. पण ग्रामसेवकाने मान खाली घातली आणि तिने सांगितलं तसंच, तिच्याच शब्दांत लिहिलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "मंजूर?"

सगळ्यांनी हात वर केले. मघाचा तो म्हातारासुद्धा. एकट्या उज्ज्वलाताई तेवढ्या हात वर करायच्या विसरल्या; त्या सगळ्यांसमोर रडत होत्या.